काट्याच्या पावतीपासून लक्षवेधीपर्यंत

आमच्या प्राणीकल्याणाच्या गटात नवा माणूस आला की पहिल्याच बैठकीत म्हणतो, "कायदा कडक पाहिजे." त्याचं चूक नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला केंद्रीय कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. एवढ्यात पंढरपूरच्या स्टँडवर चहा-वडापाव होतो. २०२२ मध्ये केंद्रानं सुधारणेचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला होता. ती मागणी करत राहाच.

पण नव्या माणसाला मी वेगळं काम लावतो. आत्ता जो नियम छापून पडलाय, तो पाळून घेण्याची जबाबदारी कुठल्या खुर्चीवर आहे ते शोधून ये म्हणतो. राज्यपातळीवरचं प्राणीकल्याणाचं काम म्हणजे बहुतेक हेच. मोर्चे, फलक, सेलिब्रिटीचा व्हिडिओ हे सगळं त्या खुर्चीवरच्या माणसाला सही करायला लावण्यापुरतं.

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गावात सगळे डॉक्टरच म्हणायचे, खात्यात कुणी म्हणायचं नाही. नोकरी सोलापूर जिल्ह्यात गेली. आता जिल्ह्याजिल्ह्यातल्या छोट्या संस्थांचा जो राज्यव्यापी गट आहे, त्याची अर्ज-पत्रांची बाजू सांभाळतो. पुढे जे लिहितोय ते ऊस ओढणाऱ्या बैलांच्या कामावरून, कारण ते मला खडान्‌खडा माहीत आहे. तुमचा विषय घोड्याचा असो, हत्तीचा असो की बाजारातल्या कोंबड्यांचा, कार्यालयं बदलतील, वाट बदलणार नाही.

आधी ओझं कुठून येतं ते बघा

ऊसतोडीला टोळ्या येतात त्या बीडकडून, मराठवाड्यातून, जतकडून. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. बैल स्वतःचे, टायरगाडी बऱ्याचदा कारखान्याची. पैसे टनावर मिळतात. फडात मोळ्या बांधून झाल्या की गाडीवान गाडी भरतो ती एका खेपेत जास्तीत जास्त टन जावेत अशी, कारण दुसरी खेप म्हणजे पुन्हा यार्डातली रांग, कधीकधी अख्खी रात्र.

एकदा एका यार्डात गाडीवानाला मी बैलाचा सुजलेला खांदा दाखवत होतो. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, खांदा मला दिसतो की. तुम्ही बैल सोडायला सांगून जाताल, माझी उचल कोण फेडल?" ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गटाकडे नसेल तर त्याच्यावर केस करायला जाऊ नका. पन्नास रुपये दंड तो भरेल आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तेवढीच भरेल. वर तुमची गाडी यार्डाच्या आसपास दिसली की सगळी टोळी तोंड फिरवेल.

म्हणून आम्ही आमचं बोट गाडीवानाकडून काढून वजनकाट्याकडे वळवलं. काट्यावरून गाडी गेल्याशिवाय कुणाला पैसे मिळत नाहीत. तिथं मर्यादा लागली तर ती सगळ्यांना सारखी लागते आणि कमी भरणाऱ्याचं एकट्याचं नुकसान होत नाही. कारखान्यांना असं करता येतं का? येतं. अपघात व्हायला लागल्यावर दर हंगामात उसाच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघतेच की. लम्पीच्या साथीत, २०२२ साली, जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, लसीकरणाचे दाखले बघितले जाऊ लागले. वरून पत्र आलं की यंत्रणा हलते.

नियम छापून खिशात ठेवा

ओझी ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. फार थोड्या लोकांनी वाचलेत. त्यात कमाल ओझ्याचा तक्ता आहे: बैल लहान, मध्यम की मोठा (२०० किलोपर्यंत, ३५० पर्यंत, त्यावर), चाकाला हवेचे टायर आहेत की नाहीत, त्याप्रमाणे आकडे. तक्ता तोंडपाठ करायची गरज नाही. त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून जवळ ठेवा. पाठ करायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ गाडी चालवायची नाही. आमच्याकडे मार्चमध्ये पारा इतका सहज चढतो, आणि हंगाम तेव्हा संपत आलेला असला तरी संपलेला नसतो. टोकदार आर लावलेली पराणी, काटेरी लगाम, टोचणारं जू यांना मनाई आहे. आणि शिपायापेक्षा वरच्या दर्जाच्या पोलिसाला संशय आला तर तो गाडी काट्यावर घ्यायला सांगू शकतो. इथं तर काटा समोरच असतो!

मूळ कायद्याच्या कलम ११ मध्ये जादा ओझं लादणं, जादा हाकणं हे शब्द आहेतच. शिवाय जखम, सूज, आजार किंवा म्हातारपणामुळे कामाला नालायक झालेलं जनावर जुंपणं हाही गुन्हा आहे. कलम ३ सांगतं की ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं त्याची नीट काळजी घेतली पाहिजे. अर्जात हे तिन्ही लिहा. जास्त कलमं घालू नका. दहा कलमांचा अर्ज आला की बाबू तो बाजूला ठेवतो, हे मी खुर्चीच्या पलीकडून बघितलंय.

पुरावा

मोबाईलमध्ये रडणाऱ्या बैलाचा व्हिडिओ सगळ्यांकडे असतो. माझ्या लेखी त्याची किंमत कमी. मला काट्याची पावती पाहिजे. त्यावर तारीख, वेळ, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, सगळं कारखान्यानंच छापून दिलेलं असतं. ओझ्याचा यापेक्षा चांगला साक्षीदार कुठं मिळणार? गाडीवानाशी नातं असेल तर तो पावतीचा फोटो काढू देतो. अट एकच, त्याचं नाव झाकायचं. ते झाका. आपल्याला माणूस नको, आकडा पाहिजे. चिटबॉयला (उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) मात्र या भानगडीत ओढू नका, त्याची नोकरी जाते.

बैलाची तपासणी करताना खांदा आधी. जू जिथं टेकतं तिथली कातडी हातानं दाबून बघा: गरम लागते का, पाणी भरलंय का, कातडी निबर झालीय की फुटलीय. मग खूर आणि पत्री (खुराला ठोकलेला लोखंडी नाल). डांबरी रस्त्यावर पत्री झिजली की पाय घसरतो आणि भरलेल्या गाडीखाली गुडघे फुटतात. मग शेपटीचं मूळ बघा. शेपटी पिरगाळून हाकण्याची सवय असली तर तिथले मणके हाताला वेडेवाकडे लागतात. शेवटी नाक, वेसणीची जखम चिघळलेली असली तर वास येतो. हे सगळं तुम्ही बघा, पण दाखला तुमचा चालणार नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून लेखी तपासणी घ्या. जनावर हलवता येत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पथक मागवता येतं. कानातला १२ अंकी बिल्ला दिसत असेल तर त्याचा नंबर दाखल्यावर लिहून घ्या, म्हणजे "हा तो बैल नव्हेच" असं कुणी म्हणणार नाही.

फोटो काढताना पहिला फोटो गेटचा, बोर्डासकट. दुसरा गाडीचा, नंबरासकट. तिसरा जखमेचा, जवळून. चौथा पुन्हा लांबून, बैल आणि गाडी एकत्र येतील असा. मूळ फाईल फोनमधून पुसू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत पुरावा म्हणून देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कसं भरायचं हे तुमच्या वकिलाला आधीच विचारून ठेवा, सुनावणीच्या आदल्या रात्री नको.

आणि तारीख लक्षात ठेवा. या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर पुढे तो चालत नाही. नोव्हेंबरचा पुरावा फेब्रुवारी उलटल्यावर नुसता अल्बम.

पोलीस ठाण्यात काय होतं

ठाणे अंमलदार बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतो, आणि त्याचं म्हणणं निम्मं बरोबर असतं. कलम ११ मधले बरेचसे गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यांचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. प्राण्यांच्या झुंजी लावणं, क्रूर पद्धतीनं मारून टाकणं अशी काही पोटकलमंच दखलपात्र आहेत. पण जनावर मेलं, लुळं झालं, विष घातलं गेलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. तिथं शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंडविधानातली ४२८-४२९ कलमं म्हणजे हेच; १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला जुने आकडे लिहिले की अर्ज परत येतो. नोंदवून घेतलं नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, टपालाची पावती जपा. ठाण्यात आवाज चढवू नका. त्याच ठाण्यात पुढच्या हंगामात पुन्हा जायचं असतं.

माहितीचा अर्ज

ही माझी आवडती जागा. इथं थोडं सविस्तर लिहितो, रागावू नका.

सहकारी साखर कारखान्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उपयोग नाही. सहकारी संस्था सर्रास 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम बँकेच्या खटल्यात म्हटलंय, आणि कारखान्याचा वकील तेच कळवतो. कारखान्याची माहिती ज्या सरकारी कार्यालयाकडे असते किंवा असायला पाहिजे, तिथं अर्ज करायचा. उसासाठी ते म्हणजे प्रादेशिक सहसंचालक (साखर) आणि पुण्याचं साखर आयुक्तालय. जनावरांसाठी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त. पोलिसांकडच्या नोंदींसाठी अधीक्षक कार्यालय.

महाराष्ट्रात अर्जाला दोन बंधनं आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. लोक कुरकुरतात, मला ती बंधनं बरी वाटतात. त्यामुळे माणूस नेमकं विचारायला शिकतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टँप लावून. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत.

'का' आणि 'कसे' विचारू नका. "बैलांचे हाल थांबवण्यासाठी आपण काय केले?" याचं उत्तर येणार, "माहिती निरंक." त्याऐवजी कागद मागा. असे:

"मागील गाळप हंगामात बैलगाडीने झालेल्या ऊस वाहतुकीबाबत आपल्या कार्यालयाने कारखान्यांना पाठवलेल्या परिपत्रकांच्या व सूचनांच्या प्रती. १९६५ च्या नियमांतील कमाल ओझ्याच्या तक्त्याबाबत कारखान्यांना दिलेल्या पत्रांच्या प्रती. अशी पत्रे नसल्यास तसे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. 'असे कोणतेही पत्र अभिलेखात उपलब्ध नाही' हा शेरा गोल शिक्क्यासह हातात आला की अर्धं काम झालं. सगळ्या पुढच्या पत्रांना तोच जोडायचा.

जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचंही असंच. २००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था पाहिजे. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, सदस्य कोण, शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं द्या, एवढाच अर्ज करा. समिती कागदावर झोपलेली असली तर हा अर्ज पोचल्यावर बैठक लागते, अनुभव आहे. मग त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपला विषय घालायला जिल्हाधिकारी कार्यालयात पत्र द्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज आधीच द्यावा लागतो, ऐन दिवशी गेलात तर फक्त रांग बघून याल.

कुठलाही अर्ज दिला की पोच घ्या. पोच नाही म्हणजे अर्ज नाही.

मागायचं केव्हा

बैलांचं वेळापत्रक आणि सरकारचं वेळापत्रक शेजारी मांडून बघा. माहितीचे अर्ज पावसाळ्यात टाका, म्हणजे उत्तरं हंगामाआधी हातात येतात. बेंदूर, पोळा हे गावात बोलण्याचे दिवस. खांदेमळणीला प्रत्येक घरात बैलाच्या खांद्याला तूप-हळद लागते, तेव्हा खांदा बघायला कुणी नाही म्हणत नाही आणि तिथं दिलेला सल्ला आयुष्यभर लक्षात राहतो. बॉयलर पेटायच्या आधी, साधारण सप्टेंबरात, कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला भेटा. आधी चेअरमनला नको. चेअरमन हसून हो म्हणतो आणि विसरतो. यार्डात पाण्याचा हौद बांधायचा की नाही ते शेती अधिकारी ठरवतो.

त्या भेटीत मागण्या छोट्या आणि मोजता येणाऱ्या ठेवा. यार्डात जनावरांना पिण्याच्या पाण्याचा हौद. रांगेत थांबलेल्या गाड्यांना सावली, आणि गाडी टेकवायला आधार देऊन बैल सोडता येतील अशी सोय. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पशुवैद्य. काट्यावर ओझ्याच्या तक्त्याचा मोठा फलक. लंगडणाऱ्या बैलाची गाडी नंबर सोडून आधी खाली करायची. या सगळ्याला खर्च किती येतो हे कारखान्यालाही माहीत असतं, म्हणून ह्यातलं बरंचसं आयुक्तालयात न जाताच मिळतं. बैलाच्या मानेवरचा भार हलका करायला सांगली भागातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गाडीपुढे टेकू-चाक बसवून दाखवलं होतं. त्याचे फोटो सोबत न्या. अ‍ॅनिमल राहतसारख्या संस्था याच पट्ट्यात वर्षानुवर्षं ह्या बैलांवर काम करतात, त्यांच्या लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्या गावात नवी मोहीम काढू नका.

जे मिळत नाही ते, म्हणजे काट्यावरची मर्यादा आणि त्यासाठी टनाच्या दराचा फेरविचार, ते मात्र वरच मागावं लागतं. एका कारखान्यानं मर्यादा लावली आणि शेजारच्यानं नाही, तर टोळ्या शेजारी जातात. हा प्रश्न राज्याचा होतो तो इथं. पत्र साखर आयुक्तांना; प्रत पशुसंवर्धन आयुक्तांना (औंध, पुणे), सहकार विभागाला आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाला. नुसतं 'मा. मुख्यमंत्री' लिहून पाठवलेलं पत्र खाली उतरत उतरत तुमच्याच तालुक्याच्या डॉक्टरकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' येतं. माझ्याकडे आलेली आहेत तशी.

आमदार

विधिमंडळाची तीन अधिवेशनं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला, डिसेंबरच्या आसपास. डिसेंबर म्हणजे गाळप जोरात असतं. त्यामुळे आमचा भर नागपूरवर.

आमदाराला निवेदन देऊन फोटो काढू नका. त्यांच्या स्वीय सहायकाला तयार प्रश्न द्या, त्यांच्याच भाषेत. भाषा ठरलेली आहे: (१) अमुक जिल्ह्यात उसाची वाहतूक करणाऱ्या बैलांवर नियमापेक्षा जादा ओझे लादले जात असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय; (२) असल्यास, याबाबत साखर आयुक्तालयाने कारखान्यांना कोणत्या सूचना दिल्या आहेत; (३) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

मंत्र्यांचं उत्तरही ठरलेलं असतं. "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." हे टाळायचं असेल तर पहिल्या पोटप्रश्नात तीच गोष्ट लिहा जिचा शिक्क्याचा कागद तुमच्याकडे आहे. माहिती अधिकारात 'पत्र उपलब्ध नाही' आलेलं असलं की 'खरे नाही' म्हणणं अवघड जातं, मग निदान "अंशतः खरे आहे" येतं. अंशतः खरे म्हणजे आमच्याकडे पेढे.

तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, तेव्हा दिवाळीच्या फराळातच सहायकाला गाठा. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) अधिवेशन चालू असताना देता येते, पण तिच्यासाठी ताजं कारण लागतं. सभागृहात मंत्र्यांनी 'सूचना देऊ', 'बैठक लावू' असं काही म्हटलं, तर ते आश्वासन झालं. त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती विधिमंडळातच आहे. कार्यवाहीतलं ते वाक्य तारखेसह उतरवून घ्या आणि पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्यानंच करा. आमदार कुठल्या पक्षाचा ते बघू नका. मात्र तो स्वतः कारखान्याचा संचालक आहे का ते बघा. आमच्या भागात असतोच. तेव्हा विदर्भातला, कोकणातला आमदार शोधा.

कोर्ट शेवटी का

कोर्टाच्या मी विरोधात नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, त्याशिवाय त्या बंद झाल्या नसत्या. पण त्याच निकालात मालक-चालकांच्या पुनर्वसनाचंही बघायला सांगितलं होतं, आणि ते रेंगाळलं.

बैलगाडा शर्यतींचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. ज्यांनी बंदीवरच सगळी ताकद लावली होती त्यांच्या हातात काही उरलं नाही. ज्यांनी नियम वाचले त्यांच्या हातात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अटी आल्या, त्यांवर आज काम करता येतं.

आणि नांदणी. २०२५ च्या जुलैत महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या मठातून जामनगरला, अंबानींच्या 'वनतारा' केंद्रात गेली. तिच्या पायांच्या, एकटेपणाच्या तक्रारी खऱ्या होत्या असं मला वैद्यकीय बाजूनं वाटतं. पण गावाशी बोलणं झालेलंच नव्हतं. हजारो माणसं पायी कोल्हापूरला निघाली, त्याच उद्योगसमूहाच्या मोबाईल कंपनीवर बहिष्कार पडला, सरकारला गावाच्या बाजूनं उभं राहावं लागलं आणि नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याची बोलणी सुरू झाली. त्यानंतर त्या पट्ट्यात आमच्या कार्यकर्त्यांना बैलाच्या खांद्याबद्दल बोलायलासुद्धा लोक दारात उभं करेनात. जनहित याचिका करण्याआधी गावात एक बैठक, देवस्थानात एक बैठक, मालकाच्या घरी एक बैठक, हे आमच्या गटात आता लेखी ठरलंय. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईचा हेलपाटा वाचला. म्हणून लगेच धावायचं असं नाही.

गटाबद्दल दोन-चार गोष्टी

नोंदणी करायची तर सोसायटी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली होते. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेवर द्या, नाहीतर वाद झाल्यावर कोण विश्वस्त हेच सिद्ध होत नाही. जिल्ह्यात एक माणूस पुरतो, पण तो फोन उचलणारा पाहिजे. एक वकील, एक पशुवैद्य, आणि मंत्रालयातले मजले माहीत असलेला एक जण. आवक-जावक रजिस्टर ठेवा, कागदाचंच, मोबाईलवरचं नको.

रात्री हायवेवर गाड्या अडवणाऱ्यांना गटात घेऊ नका. ते कुठल्याही रंगाचे असोत. वाहतुकीत क्रूरता दिसली तर ११२ ला फोन, गाडीचा नंबर, ठिकाण, एवढं आपलं काम. अडवणं पोलिसांचं. ह्यात ढिलाई केली की एका रात्रीत सगळ्या जिल्ह्यांचं नाव जातं.

कुत्र्यांचं विचारतातच सगळे. २०२३ चे जन्मनियंत्रण नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ च्या ऑगस्ट-नोव्हेंबरमधले आदेश शेजारी ठेवून वाचा: सर्वसाधारण नियम नसबंदी-लसीकरण करून त्याच जागी सोडण्याचा, पण शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा आवारांतली कुत्री तिथं परत सोडायची नाहीत. पालिकेशी बोलायला जाण्याआधी त्यानंतरचा ताजा आदेश आहे का ते वकिलाकडून बघून घ्या. तुमचा प्रश्न पालिकेला एकच: नसबंदीचं कंत्राट कुणाला, आणि देखरेख समितीची बैठक कधी झाली. पुढचं आपोआप निघतं.

पट्टा पडताना

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दोन दिवसांत कोपी (टोळ्यांच्या झोपड्या) मोडतात, टोळ्या निघतात. त्या आधी यार्डात जा. ज्या मुकादमांनी बोलू दिलं त्यांचे नंबर, गावं, बैलजोड्या किती, लिहून घ्या. कुठल्या गाडीवानाचा बैल हंगामात गेला ते विचारा; ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे किंवा विम्यासाठी कागद करायला त्याला मदत लागते, आणि तो कागद पंचनाम्याशिवाय होत नाही. घरी गेल्यावर हंगामातल्या सगळ्या काटा पावत्यांचे फोटो तारखेप्रमाणे लावून घ्या. जूनमध्ये टाकायचा पहिला अर्ज त्यातूनच लिहायचा असतो: एक विषय, १५० शब्द, १० रुपयांचा स्टँप.